‘मॉडेल एस’चा भरवसा कोणत्या वर्षाचा?

‘मॉडेल एस’ आणि ‘मॉडेल एक्स’ या दोन मोटारींचे उत्पादन थांबवण्याची घोषणा टेस्ला कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी जानेवारी २०२६ मध्ये केली. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटच्या कारखान्यातून जून २०१२ मध्ये पहिल्या ग्राहकांच्या हाती पडलेल्या ‘मॉडेल एस’ने विजेची मोटार म्हणजे हौशी मंडळींचे खेळणे, हा समज मोडीत काढला, हे तिचे टीकाकारही मान्य करतात. यापुढे मात्र या आलिशान मोटारीचा बाजार हा प्रामुख्याने जुन्या गाड्यांचा बाजार राहणार आहे. साहजिकच, कोणत्या वर्षाची गाडी घेणे शहाणपणाचे, हा प्रश्न अमेरिका आणि युरोपातील ग्राहकांपुढे नव्याने उभा राहिला आहे. प्रश्न साधा आहे. अडचण आहे ती त्यातील ‘वर्ष’ या शब्दाची.

मोटार उद्योगातील रूढ पद्धत अशी, की वर्षभरात सुचलेल्या सुधारणा साठवायच्या आणि पुढील वर्षाच्या मॉडेलमध्ये एकदम आणायच्या. त्यामुळे अमुक वर्षाची गाडी चांगली, तमुक वर्षाची टाळावी, असा हिशेब मांडता येतो. टेस्लाने ही शिस्त कधीच पाळली नाही. सुधारलेला भाग हाती आला, की तो पुढच्या गाडीत बसवायचा, हा तिचा खाक्या. मार्च २०१८ च्या सुमारास ‘मॉडेल एस’मधील मध्यवर्ती पडद्यामागचा संगणक बदलण्यात आला. परिणामी त्या वर्षाच्या जानेवारीत बनलेली गाडी आणि एप्रिलमध्ये बनलेली गाडी कागदावर एकाच वर्षाच्या असल्या, तरी एका महत्त्वाच्या बाबतीत त्या दोन वेगळ्या मोटारी आहेत.

हा संगणक गौण वाटेल, पण या मोटारीच्या दुखण्यांत सर्वांत बोलके दुखणे त्याचेच ठरले. जुन्या संगणकात ८ गिगाबाइटची फ्लॅश मेमरी होती. अशा मेमरीवर ठराविक वेळाच लिहिता आणि पुसता येते. गाडी सतत नोंदी लिहीत राहिली आणि पाच-सहा वर्षांत मेमरीचे आयुष्य संपू लागले. पडदा बंद पडला, की मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा गेला, काचेवरील बाष्प घालवण्याची सोय गेली, वळणाच्या दिव्याचा आवाजही गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०२० मध्ये चौकशी सुरू केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावण्याची वेळ कंपनीवर आली. त्यात २०१२ ते २०१८ या काळातील ‘मॉडेल एस’ आणि २०१६ ते २०१८ मधील ‘मॉडेल एक्स’ होत्या. असा भाग गाडीच्या संपूर्ण आयुष्यभर टिकावा ही अपेक्षा व्यवहार्य नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. लाख डॉलरच्या आसपास मोजणाऱ्या ग्राहकाला तो पटणे कठीणच. मोटारीचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे आणि तिच्या मेंदूचे मात्र भ्रमणध्वनीइतके, ही विसंगती विजेच्या मोटारींची परीक्षा करताना जुने ठोकताळे अपुरे का पडतात ते दाखवते.

जुने ठोकताळे किती गोंधळात टाकतात, याची साक्ष अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकहितैषी संस्थेच्या निकालांत मिळते. ऑगस्ट २०१५ मध्ये या संस्थेच्या चाचणीत ‘पी८५डी’ या आवृत्तीला शंभरपैकी चक्क १०३ गुण पडले आणि गुणांची मोजपट्टीच बदलावी लागली. दोनच महिन्यांनी, सुमारे १,४०० मालकांच्या उत्तरांवरून, याच मोटारीची अपेक्षित विश्वासार्हता सरासरीहून कमी ठरली आणि संस्थेने शिफारस मागे घेतली. त्या दिवशी टेस्लाचा समभाग घसरला. पुढे २०१६ मध्ये ती सरासरीवर आली, २०१७ मध्ये सरासरीच्या वर गेली, २०१८ मध्ये पुन्हा घसरली, २०१९ मध्ये शिफारस परत मिळाली आणि २०२० मध्ये पुन्हा गेली. मोटार दर वर्षी इतकी बदलत होती, असे मानण्याचे कारण नाही. गेल्या बारा महिन्यांत काय बिघडले, हे मालकांना विचारायचे आणि त्यावरून नव्या गाडीचे भाकीत करायचे, अशी ही पद्धत आहे. कमी खपणाऱ्या मोटारीचे मालक थोडे, त्यामुळे निकाल हलका झोकाही सहन करत नाही. शिवाय विश्वासार्हता आणि समाधान या दोन गोष्टी भिन्न आहेत. २०१५ च्याच पाहणीत ९७ टक्के मालकांनी पुन्हा हीच गाडी घेऊ, असे सांगितले होते.

बिघाड कोठे होत गेले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. सुरुवातीच्या गाड्यांत मोटर आणि गिअर यांचा जोडसंच, म्हणजे ड्राइव्ह युनिट, बदलावे लागण्याच्या तक्रारी होत्या. दारात लपणाऱ्या आणि हात नेताच बाहेर येणाऱ्या मुठी ही या गाडीची ओळख, त्याही रुसत. खुद्द ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने विकत घेतलेल्या गाडीची मूठ काही आठवड्यांतच बाहेर येईनाशी झाली होती. मार्च २०१८ मध्ये एप्रिल २०१६ पूर्वी बनलेल्या सुमारे १ लाख २३ हजार गाड्या स्टिअरिंगच्या बोल्टसाठी परत बोलावण्यात आल्या. थंड प्रदेशात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या क्षारांनी ते बोल्ट गंजत होते. सस्पेन्शनच्या तक्रारींवरून चीनमध्ये २०२० साली सुमारे ३० हजार गाड्यांचा रिकॉल झाला, तेव्हा दोष मोटारीचा नसून चालकांच्या वापराचा असल्याचे कंपनीने अमेरिकी प्रशासनाला कळवले. कोणाचे खरे, हा वाद बाजूला ठेवला तरी एवढे खरे, की सारख्याच दोन गाड्यांचे भवितव्य त्या कोणत्या रस्त्यावर धावल्या यावरही ठरते.

रिकॉलची संख्या मोजून निष्कर्ष काढणेही फसवे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत टेस्लाच्या वीस लाखांहून अधिक गाड्यांचा रिकॉल झाला, पण एकही गाडी त्यासाठी कार्यशाळेत न्यावी लागली नाही. उपाय सॉफ्टवेअरमधून घरबसल्या पोहोचला. याच सोयीची दुसरी बाजू २०१९ मध्ये दिसली. बॅटरीला आग लागल्याच्या घटनांनंतर कंपनीने धाडलेल्या सॉफ्टवेअरने काही जुन्या गाड्यांच्या बॅटरीचे कमाल व्होल्टेज खाली आणले आणि एका भरणीत गाडी पूर्वीपेक्षा कमी अंतर धावू लागली. न्यायालयात गेलेल्या त्या वादात २०२१ मध्ये १,७४३ मालकांसाठी १५ लाख डॉलरची तडजोड झाली. विकत घेतलेली वस्तू दारात उभी असताना रातोरात बदलू शकते, हा अनुभव पेट्रोलच्या मोटारीच्या मालकाला नवा होता.

अशा स्थितीत निर्मितीचा महिना, बदललेल्या भागांची नोंद आणि उरलेली वॉरंटी या तीन बाबींना वर्षापेक्षा अधिक मोल आहे. नवे ड्राइव्ह युनिट आणि नवा संगणक बसलेली २०१५ ची गाडी मूळ भागांवर चालणाऱ्या २०१७ च्या गाडीपेक्षा सरस असू शकते. ऑगस्ट २०१४ मध्ये मस्क यांनी ८५ किलोवॉट-तास बॅटरीच्या गाड्यांच्या ड्राइव्ह युनिटला आठ वर्षांची, अंतराची मर्यादा नसलेली वॉरंटी पूर्वलक्षी प्रभावाने दिली होती. २०२० पासून नव्या गाड्यांसाठी दीड लाख मैलांची, म्हणजे सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटरची मर्यादा आली. त्याबरोबर बॅटरीची क्षमता ७० टक्क्यांच्या खाली जाणार नाही, अशी हमीही प्रथमच मिळाली. जुन्या हमीत क्षमता घटण्याचा समावेश नव्हता. आठ वर्षांचा हिशेब केला, तर २०१८ मध्ये रस्त्यावर आलेल्या गाड्यांची बॅटरी आणि ड्राइव्ह युनिटची वॉरंटी २०२६ मध्येच संपते. उत्पादन थांबल्याची बातमी आणि किमतीतील घसरण यांमुळे नेमक्या याच गाड्यांकडे ग्राहकांचे लक्ष वळण्याची शक्यता आहे.

भारतात ‘मॉडेल एस’ अधिकृतपणे विक्रीस आलीच नाही. टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जुलै २०२५ मध्ये दालन उघडले, ते सुमारे ६० लाख रुपयांपासून सुरू होणारी ‘मॉडेल वाय’ घेऊन. तिच्या बाबतीत मुंबईकर ग्राहकाने परदेशातील पाहण्यांचे तक्ते चाळण्यापूर्वी आपल्या हाती येणारी गाडी कोणत्या कारखान्यात, कोणत्या महिन्यात बनली आणि सस्पेन्शनवर वॉरंटी किती वर्षांची व कोणत्या अटींवर आहे, हे लेखी मागून घेणे उपयोगाचे ठरेल. पावसाळ्यातील खड्ड्यांना ‘वापराचा दोष’ म्हटले जाणार की नाही, हेही त्या अटींतच कळेल.