बियाण्याचा दोडका



परतीचा पाऊस ओसरला की आमच्या बीदर-कलबुर्गीकडच्या परसांत लगबग सुरू होते. उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या पहिल्या सरींवर लावलेले वेल आता थकलेले असतात. दोडक्याची पाने पिवळी पडतात, भेंडी जून होते. मेथी, कोथिंबीर, मुळा टाकायला जागा हवी असते, म्हणून आपण विळा घेऊन सगळे साफ करतो.

यंदा आम्हीही तेच करत होतो. मांडवावर एक दोडका वाळून तपकिरी झाला होता. तो तोडणार, तेवढ्यात घरातल्या आजी म्हणाल्या, "त्याला हात लावू नका. तो बियाण्याचा आहे."

कोवळा दोडका भाजीला उत्तम, पण त्याचे बी उगवत नाही. फळ वेलावरच वाळावे लागते, हलवल्यावर आत बी खुळखुळावे लागते. मग ते सावलीत सुकवून, राखेत घोळवून डब्यात ठेवायचे. दुकानातले संकरित बियाणे एक हंगाम भरघोस देते, पण त्याचे बी धरले तर पुढच्या वर्षी तेच गुण उतरतील याचा भरवसा नसतो. गावरान वाण टिकतो तो दरवर्षी कोणीतरी एक फळ न खाता राखले म्हणूनच.

आम्हांला वाटते, मंडळीतही आपला विळा थोडा घाईने चालतो. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले; भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इकडे राहिले. आपली मराठी उपासना मात्र घराघरांतून चालू राहिली. आज आपली मुले कन्नड आणि इंग्रजी शाळांत शिकतात. ते चांगलेच आहे, कन्नड आपल्या शेजाऱ्यांची भाषा आहे. पण जुन्या गीतांच्या चाली कोणत्याही वहीत नाहीत, त्या आपल्या वृद्धांच्या कंठात आहेत. आणि त्यांना आपण काय देतो? पुढची खुर्ची, वर्षातून एकदा शाल. शास्त्रपाठ, प्रार्थना, मुलांचा वर्ग यांतून त्यांना हळूच मोकळे करतो.

कोणी म्हणेल, जागा केली नाही तर तरुण येणार कसे? खरे आहे, मेथीला वाफा हवाच. रोगट वेल तर आम्हीही उपटतो. पण एका वाळत्या फळाला सगळा वाफा लागत नाही, मांडवाचा एक कोपरा पुरतो.

स्तोत्र 71 मधला भक्त म्हातारपणी देवाकडे आराम मागत नाही. येणाऱ्या पिढीला देवाचे सामर्थ्य सांगून होईपर्यंत मला सोडू नको, एवढेच मागतो. ते सांगायला त्याला कोणी बसवून घेतले पाहिजे, ते काम आपले.

म्हणून यंदा हंगामाच्या उपकारस्तुतीला हिरव्या भाजीबरोबर एक वाळलेले फळही वेदीपुढे आणू या. त्यातले बी मुलांना वाटू या, आणि प्रत्येक मुलाने एका आजी-आजोबांकडून एक गीत चालीसह शिकावे.

हे प्रभू, जे तू पिकवतोस ते ओळखायला आम्हांला धीर दे. आमेन.