पळणाऱ्या लेकरांचा उन्हाळा

जयंतीचा मंडप उतरतो, परीक्षा संपतात आणि देवणीहून उदगीरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या वस्त्यांतली पोरं-पोरी पळताना दिसू लागतात. पोरांना पोलीस भरतीचे 1600 मीटर काढायचे असतात, पोरींना 800. काहींच्या डोळ्यापुढं त्याहून लांबची शर्यत असते. हिवाळ्यातली क्रॉसकंट्री, नाहीतर जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन. लांब पळण्याचा हंगाम आपल्याकडं थंडीचा, पण त्याची तयारी येते भर उन्हाळ्यात. या लेकरांना आम्ही कधीच अडवणार नाही. आमचं बोलणं त्यांच्या आईबापांशी आणि वस्तीतल्या मंडळांशी आहे.

मागच्या मे महिन्यात एका सतरा वर्षांच्या पोरीला तिच्या भावानं मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात आणलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. उपाशीपोटी पळताना ती कोसळली होती. सराव घेणाऱ्यानं सांगितलं होतं, पळताना पाणी प्यायचं नाही, पोट जड होतं. सलाईन लावल्यावर ती सावरली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8. बाईमाणसाला किमान 12 पाहिजे. आम्ही तिच्या उशाशी बसलो होतो. ती म्हणाली, "मला वाटलं माझ्यातच दम नाही." दोन महिने ती रोज स्वतःलाच दोष देत पळत होती आणि एकालाही तिचं रक्त तपासावं असं वाटलं नव्हतं. आम्हालाही नाही, हेही कबूल करतो.

देवणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला बैल आठवतो. पेरणीला जुंपायच्या बैलाला उन्हाळ्यातच पेंड सुरू करावी लागते, मृग निघाल्यावर चारून उपयोग नसतो, हे आपल्या आजोबांना कुणी शिकवलं नव्हतं. जगातले खेळाडू हेच करतात. थंड देशांत पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावर कित्येक किलोमीटर पळण्याची शर्यत असते. 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आपल्या लष्करातला जवान जगदीश सिंग त्यात उतरला होता. हे खेळाडू उन्हाळ्यात घरी बसत नाहीत. चाकं लावलेल्या पट्ट्या घालून डांबरी रस्त्यावर तासन् तास सरकतात, हातात काठ्या घेऊन डोंगर चढतात. बहुतेक सराव सावकाश, बोलता येईल एवढ्याच वेगानं. आणि त्यांच्या शिबिरात सरावाइतकंच जेवण, झोप आणि रक्ताची तपासणी सांभाळली जाते. आपल्याकडं शिबिर म्हणजे नुसतं पळवणं.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सगळ्यांना माहीत आहे. आईबाप वीटभट्टीवर राबणारे. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. 1941 मध्ये उभी राहिलेली ही रेजिमेंट, बाबासाहेबांनी जिच्यासाठी आग्रह धरला होता. सियाचीनची थंडी आणि राजस्थानच्या वाळवंटातलं ऊन दोन्ही सोसून तो पळायला लागला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य घेतलं, 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याची जिद्द आपण पोरांना सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण त्याला लष्कराचं पोटभर जेवण मिळालं, डॉक्टर मिळाले, उटी आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ससारख्या थंड, उंच ठिकाणी सराव मिळाला, हे सांगायचं आपण विसरतो. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, दुष्काळी गावातलीच. तिलाही देशाच्या शिबिरात उटीला जागा मिळाली, तेव्हा ती 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. नुसत्या जिद्दीवर सगळं सोडलं, की हरलेलं लेकरू स्वतःलाच दोषी समजतं.

उंचावर असं काय असतं? तिथली हवा विरळ. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून शरीर जास्त तांबड्या पेशी तयार करतं. खाली आल्यावर त्या वाढलेल्या रक्तावर दम टिकतो. पण त्या पेशी बनवायला अंगात लोह लागतं. लोह नसेल तर उटीला नेलं काय आणि अमेरिकेला नेलं काय, रक्त वाढत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. पोरींचं पाळीत रक्त जातं, वाढीचं वय असतं, ताटात डाळ पातळ. शाळेत आठवड्याला निळी लोहगोळी मिळते, पण सुट्टी लागली की आमच्या बघण्यात तीही सुटते. म्हणजे सराव वाढतो त्याच दोन महिन्यांत गोळी बंद.

म्हणून आम्ही म्हणतो, वस्तीतलं उन्हाळी शिबिर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून सुरू झालं पाहिजे. हिमोग्लोबिनची तपासणी मोफत होते. कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तेवढ्याच गोळ्या, जेवणानंतर, लिंबासोबत. चहासोबत नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. शौच काळी झाली तर घाबरू नका. घरात कलेजी शिजली तर पहिला वाटा पळणाऱ्या पोरीला द्या, पोराच्या ताटात गेल्यावर उरलेला नको. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण घरोघरी काय होतं ते आम्हाला माहीत आहे. कलेजी रोज परवडत नाही, पण मोड आलेले हरभरे, शेंगदाणे, पालक, अंडं एवढं जमतं.

पळायचं पहाटे पाचला, सूर्य वर यायच्या आत परत. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-पंधरा दिवस लागतात, तोवर अंतर वाढवू नये. एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, सपाट मोजून. हे पाणी रस्त्याच्या कडेला ठेवा आणि पिऊ द्या. पळताना लेकरू बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं तर उष्माघात समजा. अंगाला घाम असला तरीही, कारण पळणाऱ्याला घाम येत असतानाच उष्माघात होतो. सावलीत आणून अंगावर पाणी ओता, मान, काखा, जांघा ओल्या कपड्यानं थंड करा, वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.

काही जण म्हणतात, मैदान नाही, बूट नाहीत, आधी ते मागा. मागूच. नगरपंचायतीकडं मैदानावर पहाटेचा दिवा आणि पिण्याच्या पाण्याचा नळ मागायचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेला आपला जिल्हा. इथं सरावाच्या जागी नळ मागणं म्हणजे चैन आहे असं आम्हाला वाटत नाही. त्या अर्जावर आईबापांच्या सह्या पाहिजेत. जयंतीच्या वर्गणीतून चार पैसे उरले असतील तर मंडळांनी दोन महिने हरभरे आणि अंडी द्यावीत. एका डीजेच्या रात्रीत वीस लेकरांचा महिना निघतो, हिशोब करून बघा.

ती पोरगी या उन्हाळ्यात पुन्हा पळते आहे. हिमोग्लोबिन आता 11 च्या वर आहे. पहाटे तिच्यासोबत तिची आई सायकल घेऊन जाते, हँडलला पाण्याची बाटली अडकवून.