प्रोटॉन-उपचार : गरज कोणाची, ऐपत कोणाची?

खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या आवारात २०२३ च्या ऑगस्ट महिन्यापासून प्रोटॉन किरणांनी कर्करोगावर उपचार होऊ लागले. २०१९ साली चेन्नईच्या एका खाजगी रुग्णालयात असे केंद्र सुरू झाले होते. सार्वजनिक क्षेत्रातले मात्र हे देशातील पहिलेच. ते अणुऊर्जा विभागाच्या, म्हणजे अंतिमतः करदात्यांच्या पैशातून उभे राहिले आहे. साताऱ्या-सांगलीकडे कोणाच्या घरी कर्करोगाचे निदान झाले की पुष्कळदा पहिली धाव आपल्या कार्यकर्त्याकडे असते. मुंबईला कोणाला भेटायचे, कागद कोणते न्यायचे, हे त्याला विचारले जाते. आता त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे : रान विकून का होईना, प्रोटॉन घ्यावा काय? या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देता येणार नाही. त्यासाठी ही वस्तू काय आहे हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा. चुंबकांच्या साहाय्याने त्याला चक्राकार फिरवीत प्रकाशाच्या सुमारे ६० टक्के वेगापर्यंत नेतात आणि रोग्याच्या शरीरात सोडतात. नेहमीच्या किरणोपचारातले क्ष-किरण एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात; गाठीच्या पुढील आणि मागील निरोगी भागालाही त्यांची झळ पोचते. प्रोटॉनचे वर्तन निराळे आहे. वाटेत तो थोडीच ऊर्जा टाकतो, वेग मंदावला की उरलेली बहुतेक एका ठरावीक खोलीवर एकदम टाकतो, आणि तेथेच थांबतो. ती खोली आधी हिशेब करून ठरविता येते. रॉबर्ट विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने या गुणाचा उपयोग कर्करोगावर करावा असे १९४६ साली सुचविले. हे गृहस्थ त्यापूर्वी अणुबाँबच्या कामात होते, हे जाता जाता नमूद करण्याजोगे आहे. १९५४ साली बर्कले येथे पहिल्या रुग्णावर हा प्रयोग झाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण सगळा गैरसमज तिच्याभोवती आहे. प्रोटॉन गाठीवर फार अधिक जोराचा घाव घालतो असे नाही. गाठीवरील त्याचा परिणाम क्ष-किरणांहून किंचितच अधिक असतो. त्याचा खरा लाभ गाठीच्या पलीकडे जे वाचते त्यात आहे. मेंदूत गाठ असलेल्या लहान मुलाचे उदाहरण घ्या. काही गाठींत मेंदूबरोबर संपूर्ण पाठीच्या कण्यालाही किरण द्यावे लागतात. क्ष-किरण कण्यातून आरपार जाऊन हृदय, फुप्फुसे आणि आतडी यांवरही पडतात. प्रोटॉन कण्यापाशीच थांबवता येतो. त्या मुलाला पुढे साठ वर्षे जगायचे आहे, त्याची वाढ व्हायची आहे. त्याच्या बाबतीत वाचलेल्या प्रत्येक निरोगी पेशीचे मोल मोठे आहे. कवटीच्या तळाशी, डोळ्याच्या नसेला किंवा मज्जारज्जूला खेटून असलेल्या गाठी, अथवा एकदा किरण दिलेल्या जागी पुन्हा देण्याची वेळ आलेले काही रुग्ण यांचेही तसेच.

परंतु आपल्या जिल्ह्यांत वारंवार दिसणारे रोग कोणते? तंबाखू आणि मिसरीने होणारे तोंडाचे कर्करोग, गर्भाशयमुखाचे आणि स्तनाचे कर्करोग. यांपैकी बहुतेक रुग्णांना वेळेवर निदान, चांगली शस्त्रक्रिया आणि खंड न पडता दिलेला नेहमीचा किरणोपचार हवा असतो. अमेरिकेत पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. २०२४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांनंतर रुग्णांच्या त्रासात लक्षणीय फरक आढळला नाही. घशाच्या कर्करोगाविषयीच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या अमेरिकन चाचणीत रोग आटोक्यात येण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले. मात्र नळीने अन्न देण्याची पाळी प्रोटॉन घेतलेल्यांपैकी कमी जणांवर आली. हा लाभ लहान नाही. पण तिकडचा तो रोग बहुतांशी विषाणूमुळे झालेला होता आणि आपल्याकडचा तंबाखूने होतो, हे विसरून चालणार नाही.

आता पैशाचे पाहू. खाजगी केंद्रात या उपचाराचा खर्च सर्वसाधारणपणे वीस लाखांच्या पुढे जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाली. मधली दरी भरून काढण्यासाठी माण किंवा जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याने काय विकायचे? ज्या रोगात प्रोटॉनने फारसा फरक पडत नाही त्या रोगासाठी त्याला जमीन विकायला लावणे ही फसवणूक आहे. आणि ज्या मुलाला त्याची खरी गरज आहे ते केवळ बापाच्या ऐपतीमुळे त्याला मुकत असेल, तर तो अन्याय आहे. बाजार या दोन्ही चुका एकाच वेळी करतो. ज्याला गरज नाही पण पैसा आहे त्याला तो यंत्र देतो; ज्याला गरज आहे पण पैसा नाही त्याला दारातून परत पाठवतो. खारघरचे यंत्र सार्वजनिक असण्याचे महत्त्व नेमके येथे आहे. तेथे रोग पाहून क्रम लागू शकतो, आणि तसाच तो लागला पाहिजे.

दुसरीही बाजू आहे. प्रोटॉन-केंद्राला शेकडो कोटी रुपये लागतात. किरण अडविणाऱ्या भिंतीच काही मीटर जाडीच्या असतात. अशी केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत काढा, अशी मागणी कोणी करू लागला तर समाजवाद्यांनी तिला टाळ्या देऊ नयेत. एक वस्तू घेताना दुसरी कोणती सोडावी लागते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र तयार केले, ते कमी खर्चात किरणोपचार अधिकांपर्यंत पोचावा म्हणून. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हापासून या भागाला वैद्यकाची परंपरा आहे. मिरज आणि कऱ्हाड येथे आजही किरणोपचार मिळतो. तेथील नेहमीची यंत्रे बंद न पडता चालावीत, तज्ज्ञ टिकावेत, आणि गावच्या उपकेंद्रात तोंडाची व गर्भाशयमुखाची तपासणी खरोखर व्हावी, या मागण्यांनी अधिक माणसे वाचतील.

कार्यकर्त्याने रुग्णाच्या नातेवाइकांना डॉक्टरांपुढे एकच प्रश्न ठामपणे विचारायला शिकवावे : आमच्या रोग्याच्या बाबतीत साध्या किरणोपचाराहून प्रोटॉनने नेमके काय अधिक वाचेल? उत्तर मोघम आले तर मिरज-कऱ्हाडचा उपचार सुरू करावा. प्रोटॉनच्या आशेवर महिनेच्या महिने दवडले तर रोग थांबून राहत नाही. उत्तर नेमके असेल, विशेषतः रुग्ण लहान मूल असेल, तर कागद घेऊन विलंब न लावता खारघर गाठावे. तेथला उपचार आठवड्यातून पाच दिवस, पुष्कळदा सहा-सात आठवडे चालतो. या काळात आईबापांची मजुरी बुडते आणि मुंबईत राहण्याचा खर्च अंगावर येतो; उपचार मोफत झाला तरी या खर्चाने कुटुंब मोडते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कर्करुग्णांची ही सोय फार वर्षे केली, परंतु खारघर तेथून दूर पडते. कोपरखैरणे-घणसोलीत पाटण-जावळीकडील माथाडी कामगारांची शेकडो घरे आहेत. तेथल्या आपल्या साथींनी आणि दोन्ही जिल्हा समित्यांनी मिळून रुग्णांसाठी निदान चार-पाच खोल्यांची व्यवस्था करावी, आणि तिच्या भाड्याचा वाटा दोन्ही जिल्हा परिषदांनी आपल्या स्वनिधीतून उचलावा, यासाठी येत्या अंदाजपत्रकापूर्वीच निवेदने दिली पाहिजेत.