एकाच रकान्याचा हिशेब

जून २०२३ मध्ये ब्राझीलमध्ये एका गाईच्या मालकीचा एक तृतीयांश हिस्सा लिलावात विकला गेला. त्या भावाने अख्ख्या गाईची किंमत निघाली चाळीस लाख डॉलरच्या वर, म्हणजे आपले पस्तीस कोटी रुपये. गाईचे नाव व्हियातिना-१९. वजन अकराशे किलो, जात नेलोर. हे नेलोर म्हणजे आंध्रातले नेल्लोर, आणि गाईचे मूळ आपल्या ओंगोल जातीत, हे कळल्यावर आपल्याकडे त्या बातमीचे फार कौतुक झाले. सासरी नाव काढलेल्या माहेरवाशिणीचे व्हावे तसे. पण ती इतकी महाग कशासाठी, हा प्रश्न बहुतेकांनी हळूच बाजूला ठेवला. ती दुधासाठी महाग नाही. नेलोर ही ब्राझीलची मांसाची जात आहे, आणि व्हियातिनाचे मोल आहे ते तिच्या पोटी येणाऱ्या पुढच्या पिढीसाठी.

आपल्या घरात हा विषय निघत नाही. निघालाच तर तापतो. कोणी काय खावे या वादात मला आज पडायचे नाही. पण ज्या देशांत गोमांस हा मोठा धंदा आहे, तिथे गेल्या पन्नास वर्षांत जनावरांच्या जनुकांचा जो अभ्यास झाला, त्यातून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते, आणि तिचा संबंध थेट आपल्या गोठ्याशी पोचतो.

आधी आपले रक्त तिकडे गेले कसे ते पाहू. ब्राझीलची आणि अमेरिकेच्या दक्षिण भागाची हवा उष्ण. युरोपातून नेलेली गुरे तिथे उन्हाने आणि गोचिडांनी हैराण होत. तेव्हा वशिंडाची, सैल कातड्याची, उन्हाला न डगमगणारी जनावरे हिंदुस्थानातून नेण्यात आली. अमेरिकेत त्यांच्या संकरातून ‘ब्राह्मन’ नावाची जात तयार झाली. (नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल.) तिचे चार आधार सांगितले जातात: ओंगोल, गीर, कांक्रेज आणि कृष्णा खोरे. हे चौथे नाव वाचून मी थबकलो. कृष्णा खोरे म्हणजे सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव, विजापूर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांक्रेज आणि स्थानिक गुरे यांचा मेळ घालून हे दांडगे बैल घडवले, ते कृष्णाकाठच्या चिकट काळ्या रानात अवजड नांगर ओढायला.

उन्हाचा प्रश्न सुटला. दुसरा उभा राहिला. ही गुरे काटक, पण मांस चिवट. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात क्ले सेंटर येथे सरकारी संशोधन केंद्र आहे. तिथे १९७०च्या सुमारास अनेक जातींचे संकर करून त्यांची पद्धतशीर तुलना सुरू झाली. मांसाचा शिजवलेला तुकडा यंत्राच्या पात्याखाली धरायचा आणि तो कापायला किती जोर लागतो ते मोजायचे, अशी ती साधी परीक्षा. वशिंडाच्या गुरांचा अंश जितका जास्त, तितका जोर जास्त, असे दिसून आले. कारण पुढे सापडले. जनावर मेल्यावर पुढच्या काही दिवसांत स्नायूंतलीच कॅल्पेन नावाची विकरे तंतूंची बांधणी सैल करत जातात आणि मांस मऊ होते. त्यांना आवर घालणारा दुसरा पदार्थही स्नायूतच असतो, त्याचे नाव कॅल्पास्टॅटिन. आपल्या वंशाच्या गुरांत हा आवर घालणारा जास्त जोरकस. या दोहोंच्या जनुकांत जनावरागणिक थोडे फरक असतात, आणि रक्ताच्या थेंबावरून ते आता ओळखता येतात.

महत्त्वाची गोष्ट यापुढेच आहे. फरक फक्त जातीजातींत नव्हता. एकाच जातीच्या, एकाच कुरणात चरलेल्या दोन जनावरांतही तो मोठा होता. चिवट म्हणून शिक्का बसलेल्या जातीतही काही जनावरे सरस निघतात. म्हणून तर ब्राझीलला नेलोर मोडीत काढावी लागली नाही. तिच्यातूनच निवड करता आली. हाताशी वैविध्य होते, म्हणून निवडीला वाव होता. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर निवड म्हणजे व्याज खाणे, आणि वैविध्य ही मुद्दल.

मुद्दलच खाल्ली तर काय होते, हे बेल्जियम आणि जपानकडे पाहून समजते.

बेल्जियमची निळसर-पांढरी ‘बेल्जियन ब्लू’ गाय ज्यांनी चित्रात पाहिली असेल, त्यांना ती आखाड्यातल्या मल्लासारखी वाटली असेल. स्नायूंवर स्नायू चढलेले. शरीरात मायोस्टॅटिन नावाचे प्रथिन स्नायूंच्या वाढीला ‘पुरे’ म्हणते. या जातीत त्या प्रथिनाच्या जनुकातली अकरा अक्षरे गळाली आहेत, हे १९९७ साली कळले. अकरा अक्षरे गळाली आणि ‘पुरे’ म्हणणारेच कोणी उरले नाही. मांस भरपूर, चरबी कमी, तुकडा मऊ. खाटकाच्या दुकानी याहून चांगला माल नाही. पण वासरू इतके आडवे भरते, की शुद्ध जातीच्या गाईची सुटका बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच करावी लागते. वजनाचा रकाना भरला. बाळंतपणाचा रकाना फॉर्मवर नव्हता.

जपानची गोष्ट याच्या उलट, आणि मला अधिक अस्वस्थ करणारी. तिथे किंमत चरबीला आहे: मांसाच्या तंतूंमधून संगमरवराच्या नक्षीसारखी पसरलेली बारीक चरबी. १९९१ साली जपानने परदेशी गोमांसाच्या आयातीवरचा कोटा उठवला. स्वस्त मालाशी टक्कर द्यायची, तर आपला माल अगदी वेगळा हवा, म्हणून या नक्षीचा ध्यास वाढला. ज्या थोड्या वळूंची संतती नक्षीत अव्वल, त्यांचेच गोठवलेले रेत देशभर वापरले गेले. १९९३ ते १९९७ या काळाचा हिशेब तिथल्या अभ्यासकांनी मांडला. काळ्या जपानी जातीच्या प्रजननक्षम गायी पाच लाखांच्या वर. पण त्यांच्यातले वैविध्य जणू सतरा जनावरांच्या कळपाएवढे. एखाद्या शाखेत खाती पाच लाख असावीत आणि ठेवी मात्र सतराच माणसांच्या, तशी ही अवस्था. अशी शाखा बाहेरून भरभराटीची दिसते. नात्यात नाते जुळत गेले की दडलेले दोष वर येतात. मूत्रपिंड निकामी करणारा एक आनुवंशिक रोग या जातीत निघाला, आणि वळूंची तपासणी करून तो आवरावा लागला. जपान्यांच्या शिस्तीचे कौतुक एवढ्यासाठी, की त्यांनी हा हिशेब स्वतः मांडला आणि छापला.

आपण कुठे आहोत? आपल्याकडचा रकाना मांसाचा नाही, लिटरचा आहे. मी बँकेत होतो त्या काळात, ऐंशीच्या दशकात, संकरित गाईंच्या कर्जांचा मोठा जोर होता. त्या गाईंनी किती घरांत पहिल्यांदा रोजचा पैसा आणला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या धोरणाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी एकदा त्या घरांत जाऊन यावे. पण कर्जाच्या अर्जावर जनावराची परीक्षा एकाच प्रश्नाने होई: दूध किती? जत भागातल्या एका म्हाताऱ्याला खिलार गाय घ्यायची होती. मी ठरलेला प्रश्न विचारला. तो म्हणाला, “दूध वासराला हाय, सायेब. वासरू मला हाय.” त्याच्या दृष्टीने उत्तर पूर्ण होते. ते लिहायला अर्जात जागा नव्हती. वरच्या कार्यालयाने प्रकरण परत पाठवले, शेरा होता ‘अनुत्पादक’.

तो म्हातारा गेला असेल. त्याचे वासरू ज्या कामाचे, ते काम ट्रॅक्टरने घेतले. कृष्णाकाठच्या त्या दांडग्या जातीची गुरे आज तिच्या मूळ प्रदेशातही शोधून काढावी लागतात. तिचा अंश टेक्सासच्या कुरणात सुखरूप आहे, यात समाधान मानायचे असेल तर मानावे.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. पुढच्याच महिन्यात वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते देशी गाईंच्या जनुकीय तपासणीसाठी ‘गौ चिप’चे आणि मादी वासरेच व्हावीत यासाठी लिंगनिर्धारित रेताच्या देशी तंत्राचे लोकार्पण झाले. घोषणेचे मला फारसे काही वाटत नाही. मातेचा दर्जा देऊन वंश टिकत असता तर चिंताच नव्हती. चिपचे मात्र मनापासून स्वागत. फक्त ती दुधारी आहे. एका बाजूने ती कोणत्या गाईत काय दुर्मीळ आहे ते सांगेल. दुसऱ्या बाजूने ‘सर्वांत जास्त दूध देणारे’ पाच-दहा वळू झटकन निवडून देईल, आणि मग खेडोपाडी त्यांच्याच रेतमात्रा जातील. जपानला जे साधायला काही दशके लागली, ते आपण दहा वर्षांत करून दाखवू.

त्यात नर वासरू आज कोणालाच नको आहे. नांगराला नको, आणि २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी, म्हणून विकताही येत नाही. शेतकऱ्याचे चुकते असे मी म्हणणार नाही. न कमावणारे तोंड पोसणे काय असते ते त्याला विचारावे. पण गावोगावचे वेगवेगळे वळू गेले, की वंशाच्या वाटाही त्यांच्याबरोबर जातात. हा खर्च शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही, तो सरकारने उचलायला हवा.

मागणे मोठे नाही. खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, कोकण कपिला आणि कृष्णा खोरे यांतल्या प्रत्येक जातीचे किती वळू वर्षभरात वापरले गेले, ते एकमेकांचे किती जवळचे नातलग आहेत, आणि कोणत्या वळूच्या किती रेतमात्रा द्रवरूप नत्रात जपून ठेवल्या, हे तीन आकडे पशुसंवर्धन खात्याने दर वर्षी, दुधाच्या आकड्यांच्या शेजारी छापावेत. रेत नीट गोठवले तर कित्येक दशके टिकते. भांड्यातला नत्र वेळच्या वेळी भरत राहावा लागतो, इतकेच.