शॉकअप नको, मडगार्ड द्या

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दहा हजारांच्या सायकलीमागे सहाशेच्या आसपास रुपये सुटले. ते कशात घालावेत? मडगार्ड आणि कॅरिअरमध्ये. हल्ली दुकानात या दोन्ही गोष्टी मागून घ्याव्या लागतात. न मागता गळ्यात पडतो तो शॉकअप.

या किमतीतला पुढचा शॉकअप म्हणजे निव्वळ दिखावा. आत एक स्प्रिंग, तिला आवरायला ना तेल ना हवा. खड्ड्यात ती दबते आणि तशीच उसळते; चढावर उभं राहून पेडल मारलं की पायातला जोर तिथेच जिरतो. वर दोनेक किलोंचं ओझं. जाड नक्षीचे टायर डांबरावर घरघरतात ते वेगळंच. माउंटन बाइक ही जात १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीच्या डोंगरउतारांवर घडली, आणि गंमत म्हणजे तेव्हा तिलाही शॉकअप नव्हता. पुण्यात ती खडकवासल्याला कणीस खायला जाते.

हौशी माणसाचं काम हायब्रीडवर भागतं. चाकं रेसरसारखी मोठी, ७०० सी मापाची. टायर मात्र ३५ ते ४० मिलिमीटर रुंद, हँडल सरळ, पुढचा चिमटा साधा. धक्के टायरमधली हवाच झेलते, फक्त ती दगडासारखी टणक भरून घ्यायची नाही. कमाल दाबाचा आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. त्याच्या बरंच खाली राहावं.

गिअरचा आकडाही फसवाच. पुढे तीन, मागे सात चकत्या म्हणून एकवीस. पण त्यातले कित्येक जवळपास सारखेच पडतात. सिंहगडाचा घाट चढायचा नसेल तर मागचे सात पुष्कळ झाले. त्यापेक्षा माप बघावं. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली आणि पेडल तळाला नेलं की पाय सरळ व्हायला हवा. “सीट वर घेता येते हो,” असं दुकानदार म्हणेल. सीट वर जाते, फ्रेम काही लांब होत नाही.

अ‍ॅटलसच्या जुन्या काळ्या सायकलीला मडगार्ड, कॅरिअर, स्टँड सगळं अंगचंच असायचं. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनी. त्याच वर्षी टाळेबंदीत हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली आता सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खातायत. नवी घेण्याआधी त्यातली एखादी विचारून बघायला हरकत नाही. चाक उचलून फिरवावं. रिम ब्रेकच्या रबराला एकाच जागी घासत असेल तर चाकात आऊट आहे. तो कोपऱ्यावरचा सायकलवाला तारा ओढून काढतो. हँडल वळवताना खरखर लागली तर नवे छर्रे आणि ग्रीस. कामं किरकोळ आहेत. फ्रेमच्या सांध्याशी भेग दिसली, तर मात्र किंमत न विचारताच निघावं.