जुन्या वळणाची फटफटी

मोटारसायकलीस आपल्या भाषेनें 'फटफटी' हें नांव दिलें तें केवळ तिच्या आवाजावरून. तिचें रूप, वेग किंवा किंमत यांपैकीं कशाचाहि विचार नांव देणाऱ्यानें केला नाहीं. गल्लीच्या तोंडाशीं जें कानीं आलें तेंच त्यानें उचललें. आतां रस्त्यावरून जाणाऱ्या बहुतेक गाड्या फटफटत नाहींत, त्या गुणगुणतात. असें असतां गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक चमत्कारिक गोष्ट घडून आली आहे. वाटोळा दिवा, फुगीर टांकी, चकाकणारे मुलामा दिलेले भाग, अशी आजोबांच्या तरुणपणची शोभावी ती गाडी आज कारखान्यांतून नवी कोरी बाहेर पडते, आणि नातू ती हौसेनें घेतात. ज्या गाडीला लाथा मारतां मारतां कंटाळून आजोबांनीं स्कूटर घेतली, तीच ही गाडी!

ती खरोखर तीच आहे काय, हें पाहण्यासाठीं उदाहरणादाखल बुलेटच घेऊं. रॉयल एन्फील्ड ही मूळची इंग्लंडांतील रेडिच गांवची कंपनी. 'बुलेट' हें नांव तिनें १९३२ सालीं आपल्या गाडीस दिलें. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्करास सरहद्दीवर गस्त घालण्याकरितां दणकट गाडी हवी होती. ती मागणी या कंपनीकडे गेली, आणि १९५५ सालीं मद्रास मोटर्सच्या भागीदारीनें एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघून मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथें तिचें काम सुरू झालें. प्रथम विलायतेहून आलेले सुटे भाग येथें जोडले जात. पुढें तेहि येथेंच होऊं लागले. इकडे मूळचा धंदा मात्र बसत गेला. रेडिचचा कारखाना १९६७ सालीं बंद पडला, व १९७० च्या सुमारास इंग्लंडांत या गाड्या निघणेंच थांबलें. माहेर बुडालें, पण सासरीं दिलेली मुलगी माहेरचें वळण जशाचें तसें चालवीत राहिली, असाच हा प्रकार होय. १९७७ पासून तर तिनें तीच गाडी उलट विलायतेस धाडण्यास आरंभ केला.

मद्रासकरांनीं तें वळण प्रेमापोटीं जपलें असें मात्र कोणीं समजूं नये. परवान्यांच्या त्या काळांत बाहेरून नवीन यंत्रसामग्री आणणें कठीण, आणि गिऱ्हाइकास निवड थोडी. मग बदल करावा कोणासाठीं? म्हणून तें यंत्र थोड्याफार फरकानें पुढील अर्धें शतक तसेंच चाललें. तें नुसतें जुनें होतें. १९९४ सालीं आयशर कंपनीनें हा धंदा आपल्या हातीं घेतला, आणि २००९ सालीं आंतील यंत्र मुळापासून बदललेली जी गाडी आपल्याकडे आली, तिच्यावर 'क्लासिक' असें नांव झळकलें. जुनेपणाचें मोल वाढलें तें आंतलें जुनें यंत्र गेल्यावर, यांतील मौज वाचकांनीं पाहावी.

जुनें यंत्र चालू करणें हा एक विधीच असे. किल्ली फिरवावयाची, अँपिअरचा कांटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबावयाची, मग डीकॉम्प्रेसरचा लहानसा खटका ओढून कोंडलेली हवा सोडावयाची, दट्ट्या माथ्याच्या किंचित् पलीकडे न्यावयाचा, खटका सोडावयाचा, आणि मग अंगाचा सारा भार टाकून एकच लाथ! अंदाज चुकला कीं किक उलट उसळून घोट्यावर असा दणका देई कीं चालविणारा आठ दिवस लंगडावा. गिअर उजव्या पायाशीं व ब्रेक डाव्या पायाशीं असल्यामुळें दुसऱ्या गाडीवर हात बसलेला मनुष्य हिच्यावर बसतांच गोंधळून जाई. आणि ती रात्रीं कोठें उभी होती हें सकाळीं फरशीवरील तेलाच्या डागावरून कोणीहि सांगावें. या सर्वांचें कौतुक करणारे गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. परंतु तें कौतुक गाडीपेक्षां स्वतःच्या तरुणपणाचें अधिक असतें, असा आमचा समज आहे.

नव्या यंत्रांत काय केलें? पूर्वीं इंजिन व गिअरपेटी हीं दोन निराळीं घरें होतीं, त्यांचें एक घर झालें. त्यामुळें तेल गळण्याच्या पुष्कळ वाटा बुजल्या. गिअर डाव्या पायाकडे गेले. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जागीं, विजेच्या हुकुमानें मोजून पेट्रोल फवारणारी योजना पुढें सर्वच गाड्यांवर आली. २०२१ च्या क्लासिकमध्यें तर यंत्र पुन्हां नवें झालें. एकच मोठा दट्ट्या वरखालीं होऊं लागला कीं सारी गाडी थरथरते; बुलेटस्वाराच्या हातास मुंग्या येत त्या यामुळेंच. आतां आंत एक वजनदार दांडा उलट दिशेनें फिरवून तो हिसका बराचसा मारला आहे.

पण खरें चातुर्य आम्हांस निराळ्याच ठिकाणीं दिसतें. जुन्या ३५० च्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. नव्याचीं मापें ७२ व ८५.८. म्हणजे कारागिरांनीं सारें बदललें, परंतु लांब धांवेचा तो संथ ठोका जाऊं दिला नाहीं. पुण्याजवळ चाकण येथें बजाजच्या कारखान्यांत २०२३ पासून होणारी ट्रायम्फ स्पीड ४०० हिची ताकद सुमारें चाळीस अश्वशक्तीची आहे; क्लासिक ३५० ची जेमतेम वीस. हें अज्ञानानें घडलेलें नसून जाणूनबुजून केलेलें आहे. घाई असलेल्यानें हिच्या वाटेस जाऊं नये. टांकीवरची सोनेरी रेघहि बुलेटच्या कांहीं गाड्यांवर अजून यंत्रानें नव्हे, तर मनुष्याच्या हातानें ओढली जाते. हात कांपला तर रेघ कांपणार, आणि तरीहि ती हातानेंच ओढतात, हें आम्हांस फार आवडलें.

सर्वच कारखानदार इतके सरळ नाहींत. ट्रायम्फची बॉनव्हिल ही १९५९ पासूनची प्रसिद्ध गाडी. मूळ कारखाना १९८३ सालीं बुडाला. नव्या मालकाच्या हातीं हें नांव २००१ सालीं पुन्हां रस्त्यावर आलें. पुढें २००८ च्या सुमारास तिला पेट्रोल फवारण्याची नवी योजना बसविली, तेव्हां त्या नव्या भागांना बाहेरून हुबेहूब जुन्या कार्ब्युरेटरचें रूप दिलें! २०१६ पासून तिचें इंजिन पाण्यानें थंड होतें, तरी वाऱ्यानें थंड होणाऱ्या इंजिनाचे पंखे कडेस राखलेले आहेत. २०१८ सालीं परत आलेल्या जावा गाडीचेंहि तसेंच: सिलिंडर एक, पण जुन्या जावाप्रमाणें सायलेन्सर दोन. गाडी उत्तम चालत असेल, तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु जो भाग कांहींच करीत नाहीं त्यास कामकऱ्याचा वेष कशाला? जुनें घर दुरुस्त करतांना तुळई काढून लोखंड घातलें तर लोखंडास सागवानी रंग देऊं नये, असें आम्हांस वाटतें. कित्येकांना तो रंगच हवा असतो, हेंहि आम्ही जाणून आहों.

ब्रेकांच्या बाबतींत मात्र आमचें मत अगदीं निश्चित आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरांवरील प्रत्येक नव्या दुचाकीस, एकदम ब्रेक दाबला तरी चाक अडकून गाडी घसरूं नये अशी योजना बसविणें आपल्याकडे सक्तीचें झालें. पावसाळ्यांत खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्यास जुन्या ढोल-ब्रेकांची आठवण गोड वाटणार नाहीं. ज्यांच्या घरांत मुलास 'जुनीच खरी' म्हणून आजोबांची गाडी रोजच्या वापरास देण्याचा विचार चालला असेल, त्यांस आमचें सांगणें आहे कीं, त्यानें ती अवश्य शिकावी, रविवारीं चालवावी. पण कॉलेजास जाण्यासाठीं नवी द्यावी. मुलीसहि द्यावी. गाडी कळीनें सुरू होऊं लागल्यापासून बुलेट ही केवळ बळकट पायांच्या पुरुषांची राहिलेली नाहीं, हा या सुधारणेचा लाभ कोणत्याहि जाहिरातीपेक्षां मोठा आहे.

लाभाबरोबर हानीहि आहेच. बुलेटचा मिस्त्री म्हणून एक जात होती. कव्हरवर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याचें दुसरें टोंक कानाशीं लावावें, आणि कोठला भाग कुरकुरतो तें सांगावें. सिगारेटच्या पाकिटांतील पातळ कागद पॉइंटांत धरून तो ज्या क्षणीं सुटतो त्यावरून ठिणगीची वेळ जुळवावी. ही विद्या कोणत्याहि शाळेंत शिकवीत नव्हते. पोऱ्या म्हणून राहावें, पाने पुसावे, मार खावा, आणि ती यावी. नव्या गाडीस तार जोडली कीं दोष पडद्यावर अक्षरांत उमटतो. त्या उपकरणावांचून पुष्कळ दोष सांपडतच नाहींत, आणि रस्त्याकडेच्या दुकानांतून तें अनेकदां नसतें. म्हणून जुने मिस्त्री आतां बहुधा जुन्याच गाड्या घेऊन बसलेले दिसतात, आणि त्यांच्या हाताखालीं पोऱ्या नसतो.

ज्यांच्या अंगणांत अशी एखादी गाडी झांकून उभी आहे त्यांनीं एक नियम माहीत करून घ्यावा. २०२१ सालच्या केंद्रीय नियमाप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपांत राखलेल्या वाहनाची निराळी नोंद होते व त्याच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात. मात्र तिच्या सांगाड्यांत किंवा इंजिनांत मोठा फेरफार केलेला चालत नाहीं. आणि अशी नोंद झाल्यावर ती प्रदर्शनास, जुन्या गाड्यांच्या फेरीस, पेट्रोल भरण्यास किंवा दुरुस्तीस नेतां येते, रोजच्या मंडईस नाहीं. दुरुस्तीस न्यावयाची झाल्यास मिस्त्री आधीं शोधून ठेवावा, आणि घरांतील एखाद्या मुलास त्याच्याजवळ बसवून पॉइंट जुळवावयास शिकवून घ्यावें.