सिस्टरला सहीचा अधिकार द्या

छोटा उदेपूर 2013 पर्यंत आपल्याच वडोदरा जिल्ह्यात होते. जिल्हा वेगळा झाला तरी तिथला अवघड रुग्ण शेवटी आपल्या सयाजी रुग्णालयातच येतो. 2024 साली त्या जिल्ह्यातील तुरखेडा गावच्या एका गर्भवतीला रस्त्याअभावी झोळीतून न्यावे लागले आणि ती वाचली नाही. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः रस्त्याची. रस्ता हवाच. पण गावाजवळ, पहिल्या तासात निर्णय घेणारे माणूस कोण, हा प्रश्न मागेच राहिला.

बाँड लिहून घेऊनही डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे असते ती सिस्टर. 2018 च्या आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमायचे ठरले. नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी, त्यावर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. केंद्रांचे नाव 2023 मध्ये ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाले. कल्पना उत्तम आहे, पण नेमणूक कंत्राटी. रक्तदाबाची गोळी सुरू करायची ती डॉक्टरांनी. हिने फक्त पुढच्या महिन्याच्या गोळ्या द्यायच्या.

आम्हा बँकवाल्यांना यातली गोम चटकन कळते. ठरावीक रकमेपर्यंत कॅशियर स्वतःच्या सहीने पैसे देतो, त्यावर अधिकारी, त्याहून मोठ्या रकमेला मॅनेजर. मर्यादा लेखी असते म्हणून काम अडत नाही आणि मनमानीही होत नाही. उद्या प्रत्येक स्लिप मॅनेजरकडेच न्यायची ठरली आणि मॅनेजर आठवड्यातून एकदाच येत असला, तर काउंटरपुढे काय होईल ते सांगायला नको. उपकेंद्रात नेमके तेच चालले आहे.

2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील कलम 32 ने मर्यादित परवान्याची वाट काढली. डॉक्टरांच्या संघटनेने त्याविरुद्ध संप केला. गंमत म्हणजे त्या कलमात ‘परिचारिका’ हा शब्दच नाही.

अर्धवट शिकलेल्यांच्या हाती खेडे सोपवू नका, हा डॉक्टरांचा आक्षेप. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खेड्याला दुय्यम उपचार का? पण तिथे निवड डॉक्टर की सिस्टर अशी नसते. ती सिस्टर की भुवा, अशी असते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी थोड्याशा शिकलेल्या गावच्या बायकांना नवजात बाळाची काळजी, अगदी जंतुसंसर्गावरचे इंजेक्शनसुद्धा, शिकवले. 39 गावांत तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी आढळले. हे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मग चार वर्षे बी.एस्सी. नर्सिंग केलेल्या मुलीवर अविश्वास कशासाठी? प्रसूतीसाठी तर 2018 पासून नर्सना अठरा महिन्यांचे मिडवाइफरी प्रशिक्षण देण्याचे केंद्राचे धोरणच आहे.

आपल्या घरांतही थोडे डोकावू या. मुलीने नर्सिंगला जाते म्हटले की आपले चेहरे पडतात. तीच इंग्लंडला नर्स म्हणून गेली की पेढे वाटले जातात! इथे कंत्राट आणि तिथे मान, मग ती इथे का थांबेल?

गणेशोत्सवात आरतीला आमदार, नगरसेवक आपल्या मंडळांत आवर्जून येतात. दरवेळी आपण मंडपाची परवानगी, हॉलचे भाडे एवढेच मागतो. यंदा त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना कायम कधी करणार? कोणती औषधे त्या स्वतःच्या सहीने सुरू करू शकतील, याची लेखी यादी कधी निघणार? आणि कवांट, नसवाडीच्या उपकेंद्रांत प्रशिक्षित मिडवाइफ किती आहेत? तिसऱ्याचे उत्तर आकड्यात मागावे.